तेंडोलकरांची शोकसभा

१९९४ ते २००१ या काळात मी कुवेतमध्ये त्रेचाळीस शोकसभा केल्या. त्यांपैकी बेचाळीस सभांमध्ये गेलेला माणूस मनमिळाऊ होता.

मी तुकाराम धुरी. गाव कुडाळजवळ. आधी प्राथमिक शाळेत मास्तर होतो, नंतर कुवेत शहरातल्या मिरकाब भागात एका कार्यालयात टायपिस्ट झालो. आवाज बरा आणि मराठी शुद्ध, म्हणून आमच्या किनारा मित्रमंडळाच्या गणेशोत्सवात सूत्रसंचालन माझ्याकडे असायचं. चौऱ्याण्णव साली मंडळाचे खजिनदार गेले. कुवेतमध्ये आपल्यातलं कुणी गेलं की त्याला विमानाने गावी पाठवतात. चिता तिकडे, अस्थी तिकडे, दहावा-तेरावाही तिकडेच. मागे राहिलेल्या लोकांना काय करावं ते सुचत नाही, म्हणून ते सभा घेतात. खजिनदारांच्या सभेत मी बोललो, दोन बायका रडल्या, आणि तेव्हापासून ते काम माझ्याच गळ्यात पडलं. खोटं कशाला सांगू, मला ते आवडायचं.

सभेचा साचा ठरलेला होता. फोटो, हार, विजेवरचा दिवा, तीन वक्ते, मौन, भजनाची कॅसेट आणि बाहेर पडताना प्रत्येकाच्या हातात समोसा-वेफर्सचं खोकं. दोन मिनिटांचं मौन मी एक मिनिट दहा सेकंदांत संपवायचो, आणि त्याबद्दल कधी कुणी तक्रार केली नाही. विशेषणंही ठरलेली होती. मोठा साहेब गेला तर तो द्रष्टा. सुपरवायझर गेला तर कडक पण प्रेमळ. ज्याच्याबद्दल सांगण्यासारखं काहीच सापडायचं नाही तो प्रसिद्धिपराङ्मुख. बायका सगळ्या अन्नपूर्णा. जलीबच्या मजूरवस्तीत खोलीवर राहणारा कुणी गवंडी किंवा सुतार गेला तर सभा होत नसे. ते लोक मंडळाचे सभासद नव्हते, आणि सभासद नसलेल्याचं दुःख करायची घटनेत तरतूद नव्हती.

सप्टेंबर २००१ मध्ये भालचंद्र तेंडोलकर गेले. साल्मियाच्या फ्लॅटमध्ये सकाळी दाढी करता करता कोसळले. वय छप्पन्न. मूळचे सावंतवाडीचे. एका बांधकाम कंपनीत मजुरांच्या कॅम्पचे प्रमुख होते, पुढे स्वतःची छोटी कंपनी काढली. मंडळात त्यांना मोठा मान होता, आणि तो नव्वद सालच्या एका गोष्टीमुळे होता.

गोष्ट अशी. ऑगस्ट नव्वदमध्ये इराकी सैन्य कुवेतमध्ये शिरलं तेव्हा तेंडोलकरांच्या हाताखालच्या एकतीस कोकणी मजुरांचे पासपोर्ट कार्यालयाच्या तिजोरीत होते. तेंडोलकरांनी जिवावर उदार होऊन ते बाहेर काढले, सैनिकांच्या चौक्या चुकवत बसरा, बगदाद, अम्मान असा प्रवास केला आणि एकतीसच्या एकतीस पासपोर्ट मुंबईला सुखरूप आणले. त्र्याण्णव साली मंडळाने त्यांचा सत्कार केला तेव्हा सूत्रसंचालन माझंच होतं. मी म्हणालो होतो, "एकतीस जणांची ओळख छातीशी धरून ज्याने वाळवंट ओलांडलं, असा हा माणूस!" त्या वाक्यावर इतक्या टाळ्या पडल्या की पुढे दरवर्षी कुठल्या ना कुठल्या निमित्ताने मी ते म्हणत राहिलो. पासपोर्ट वाळवंट ओलांडत होते तेव्हा ज्यांचे ते होते ती माणसं कुठे होती, हा प्रश्न मला आठ वर्षांत पडला नाही. हॉलमधल्या दोनशे सुशिक्षित लोकांनाही पडला नाही.

तेंडोलकरांच्या पत्नी आनंदीबाई आणि सोळा वर्षांची मुलगी स्वरा देहाबरोबर गावी गेल्या आणि दिवसकार्य आटोपून महिन्याभराने घर आवरायला परत आल्या. त्याच आठवड्यात मंडळाचे अध्यक्ष वालावलकर यांनी मला बोलावलं. हे गृहस्थ विमा कंपनीत मॅनेजर होते, आणि दुसऱ्याचा मृत्यू ही त्यांना भाषणाची संधी वाटायची. फलकाचा नमुना तयारच होता. त्यावर तेंडोलकरांचा फोटो होता आणि खाली, किंचित मोठा, वालावलकरांचा.

"मास्तर, नव्वदचा प्रसंग मधोमध ठेवा," ते म्हणाले. "आणि तुमचं ते छातीशी धरून वालं वाक्य पाहिजेच."

मी माझ्या रिवाजाप्रमाणे घरच्यांना भेटायला गेलो. हॉलमध्ये पुठ्ठ्याची खोकी पसरली होती. आनंदीबाई काचेचे पेले वर्तमानपत्रात गुंडाळत होत्या. हडकुळ्या, ताठ बसणाऱ्या बाई. इतक्या वर्षांत मंडळाच्या कार्यक्रमांत त्यांना बोलताना मी ऐकलं नव्हतं.

"तुम्हाला जे बोलायचं ते बोला," त्या म्हणाल्या. "फक्त नव्वदचं काही बोलू नका."

मला वाटलं, हा विनय. मी म्हणालो, "वहिनी, उलट तोच तर त्यांच्या आयुष्याचा कळस."

"तुम्ही तेव्हा कुठे होता?"

"रजेवर. गावी. रेडिओवर बातम्या ऐकत होतो."

"मग हे सगळं तुम्हाला कुणी सांगितलं?"

"तेंडोलकर साहेबांनीच."

"हं," त्या म्हणाल्या आणि पुढचा पेला उचलला.

मी वही काढली. "मग काय सांगू? तुम्हीच सांगा काहीतरी."

त्यांनी हातातला पेला खोक्यात ठेवला. मग म्हणाल्या, "मासे फार चांगले साफ करायचे. पापलेटाला एक जादा काप लागू द्यायचे नाहीत. आणि स्वराच्या गणिताच्या वह्या तपासायचे. चूक सापडली की खूश व्हायचे."

"आणखी?"

"आणखी खरं असं मला आठवत नाही."

मी ते लिहून घेतलं आणि बाहेर पडलो. जिन्यात मला हसू आलं. आधीच्या बेचाळीस सभांमध्ये असा ऐवज कुणी दिला नव्हता.

वालावलकरांना मात्र हसू आलं नाही. "मासे? मास्तर, मी तिथे दीडशे लोक बोलावलेत. मी त्यांना मासे सांगू?"

"वहिनींनी नको म्हटलंय."

"बायका दुःखात काहीही म्हणतात. तुम्हाला जमत नसेल तर मी बोलतो."

मी वही मिटली. निदान आनंदीबाईंना फोन करून सांगायला हवं होतं की तुमची इच्छा पाळली जाणार नाही. तेही केलं नाही. मी स्वतःशी ठरवलं की आपल्या तोंडून ते वाक्य जात नाही ना, मग आपली जबाबदारी संपली. नोकरदार माणसाची सद्सद्विवेकबुद्धी इतपतच असते.

सभा एका शुक्रवारी दुपारी शाळेच्या हॉलमध्ये झाली. पुढच्या रांगांमध्ये मंडळाची कुटुंबं बसली, साड्या पांढऱ्या पण जरीच्या. हॉल भरलेला दिसावा म्हणून जलीबहून दोन बसगाड्या भरून मजूर आणले होते. त्यांना मागे बसवलं. त्यांच्यासाठी खोकी वेगळी होती, समोसा नसलेली. ती कल्पना वालावलकरांच्या सौभाग्यवतींची.

मी प्रास्ताविक केलं. पापलेटाचं सांगितलं तेव्हा मागच्या रांगांमध्ये दोघं-तिघं हसले आणि पुढच्या रांगांनी वळून त्यांच्याकडे पाहिलं. वह्यांचं सांगितलं तेव्हा स्वराने मान वर केली. मग दोन वक्ते बोलले, दोघांनीही स्वतःबद्दल. आणि मग वालावलकर उठले.

त्यांनी माझं वाक्य वापरलं. नुसतं वापरलं नाही, सजवलं. त्यांच्या गोष्टीत सैनिकाने तेंडोलकरांच्या छातीला बंदूक लावली होती आणि तेंडोलकर म्हणाले होते, "आधी मला मार, मग माझ्या मुलांचे पासपोर्ट घे." हे मी पहिल्यांदाच ऐकत होतो. ही गोष्ट त्यांनी सकाळी गाडीत रचली असावी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या! एक बाई डोळे पुसत टाळ्या वाजवत होती.

टाळ्या थांबायच्या आत आनंदीबाई उठल्या आणि माईकपाशी आल्या. वालावलकरांना वाटलं, आभार मानायला आल्या. त्यांनी अदबीने जागा दिली.

"पासपोर्ट छातीशी नव्हते," त्या म्हणाल्या. "ते एका कापडी पिशवीत होते आणि पिशवी गाडीत माझ्या पायाशी होती."

वालावलकर पुढे सरसावले, पण त्या बोलत राहिल्या.

"ह्यांनी कॅम्पमध्ये सांगितलं की उद्या तुम्हाला न्यायला बस येईल. दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही तिघं आमच्या गाडीने निघालो. बस नव्हतीच. पिशवी कशाला घेतली म्हणून मी विचारलं, तर म्हणाले, तिजोरी रिकामी करून आलोय, काही हरवलं तर कंपनीचा मुदीर, मोठा साहेब, उद्या मलाच विचारेल. स्वरा पाच वर्षांची होती. तिने पिशवीवर पाय ठेवले तेव्हा हे म्हणाले, देवाचं आहे, पाय लावू नको."

वालावलकर माझ्याकडे बघून हाताने खूण करत होते. माईकचं बटण माझ्या टेबलावर होतं. मी त्यांच्याकडे पाहिलं, बटणाकडे पाहिलं आणि हात मांडीवर ठेवले.

"बगदादला थांबलो तेव्हा मी पिशवीतला एक पासपोर्ट काढून बघितला," आनंदीबाई म्हणाल्या. "लवू परब, वय चोवीस. मी तो परत ठेवला. गाडी वळवा असं म्हणाले नाही. म्हणजे हे मी एकट्या नवऱ्याचं सांगत नाहीये. त्या माणसांकडे कागद नव्हते म्हणून ती दोन महिने अडकली. वकिलातीच्या दाखल्यासाठी रांगा लावल्या, मग सीमेवरच्या तंबूंत राहिली. तीस जण घरी पोचले. लवू परब तंबूत हगवणीने गेला. ब्याण्णव साली हे परत इकडे आले तेव्हा बाकीचे पासपोर्ट ज्याचे त्याला दिले आणि वर सत्कार घेतला. हा एक आमच्या कपाटात राहिला. परवा घर आवरताना कपाट उघडलं तेव्हा सापडला."

त्यांनी पर्समधून निळा पासपोर्ट काढला, पायऱ्या उतरल्या आणि मधल्या वाटेने थेट मागे गेल्या. "तुमच्यात लवूचा भाऊ गणपत परब कोण?"

मागून चौथ्या रांगेत पन्नाशीचा, केस पांढरे झालेला एक माणूस उठला. शटरिंगचा सुतार. मी त्याला गणपतीच्या मखराचे खांब उभे करताना पाहिलं होतं, नाव विचारलं नव्हतं. आनंदीबाईंनी दोन्ही हातांनी पासपोर्ट पुढे केला. गणपतने तो घेतला, उघडून आतलं पान बघितलं, शर्टाच्या खिशात ठेवला आणि खाली बसला. आनंदीबाई वळल्या. तशाच दाराबाहेर गेल्या.

वालावलकर माईकपाशी धावले आणि म्हणाले, "आता आपण दोन मिनिटं मौन पाळू." सगळे उभे राहिले. मग भजनाची कॅसेट लागली, खोकी वाटली गेली आणि लोक समोसा खात खात गाड्यांकडे गेले.

गाड्यांपाशी जी चर्चा झाली ती ऐकून मला आमच्या लोकांची खरी ओळख पटली. लवू परबचं नाव कुणी काढलं नाही. एक म्हणाला, बाईंच्या डोक्यावर परिणाम झालाय. दुसरी म्हणाली, परिणाम कसला, मेलेल्या नवऱ्याची अब्रू घालवायला लाज नाही वाटली? तिसऱ्याला काळजी होती ती पुढच्या वर्षीच्या वर्गणीची, कारण मजुरांसमोर हे असं झालं. वालावलकरांनी मला खांबाआड घेतलं.

"माईक बंद का केला नाहीत?"

"त्या बोलत होत्या."

"म्हणूनच!"

स्वरा एकटी गाडीपाशी उभी होती. मी तिच्याजवळ गेलो, काहीतरी सांत्वनाचं बोलावं म्हणून.

"अंकल," ती म्हणाली, "दॅट लाईन अबाउट द चेस्ट. डिड यू राइट इट?"

"हो, बाळ. मीच."

"इट वॉज अ बॅग. ऑन द फ्लोअर." एवढं बोलून ती गाडीत बसली आणि काच वर केली.

आठवड्याभरात त्या दोघी कायमच्या सावंतवाडीला गेल्या. विमानतळावर पोचवायला मंडळाचं कुणी गेलं नाही. मीही नाही. माझ्या कार्यालयात त्या दिवशी काम होतं, असं मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं.

पुढची शोकसभा डिसेंबरमध्ये झाली. मला बोलावलं नाही. प्रज्वल नावाच्या एका तरुण इंजिनिअरला ते काम दिलं, कारण त्याच्याकडे लॅपटॉप होता. मी प्रेक्षकांत बसलो. पडद्यावर गेलेल्या गृहस्थांचे फोटो सरकत होते, मागे बासरी वाजत होती, आणि एका फोटोत ते आडवे ताणले जाऊन दुप्पट रुंद झाले होते. प्रज्वल म्हणाला की ते अतिशय मनमिळाऊ होते. माझ्याशिवाय काही अडलं नाही.

मला मात्र गणपत परब डोक्यातून जाईना. शेवटी मी एक बेत केला आणि तो मला फार उदात्त वाटला. लवूची सभा घ्यायची. जलीबमध्येच, त्याच्या माणसांत, मंडळाशिवाय. मी रात्री जागून नव्हे, चांगला कार्यालयाच्या वेळात बसून भाषणही टाईप केलं. एका शुक्रवारी सकाळी बसने जलीबला उतरलो, बकाल्यावर, म्हणजे तिथल्या किराणा दुकानात, पत्ता विचारला आणि तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत पोचलो. आठ खाटा, मधल्या दोरीवर वाळत घातलेले कपडे. गणपत स्टोव्हवर चहा करत होता. त्याने मला ओळखलं. खाटेवरची घडी बाजूला करून बसायला जागा दिली.

मी माझा बेत सांगितला. त्याने पूर्ण ऐकून घेतला.

"अकरा वर्सा झाली, मास्तर," तो म्हणाला. "गावाक त्याचे दिवस घातले. आमची आवस रडान रडान गेली. आता सभा कित्याक?"

"त्याच्याबद्दल चार शब्द बोलले जावेत म्हणून."

"कोण बोलतलो?"

"मी."

"तुमी त्याका बघितलास?"

"नाही."

त्याने चहा गाळला, पेला माझ्या हातात दिला. आवाज चढला नव्हता. "तुमका बरा वाटूक होया म्हणान तुमी इलास. ता समाजला माका. पण माझ्या भावाक मधी कित्याक घेतास?"

टाईप केलेला कागद माझ्या खिशात होता. तो मी बाहेर काढला नाही. उठावं तर चहा गरम होता.

गणपतने खाटेखालची पेटी ओढली आणि कपड्यांतून एक चौकट काढली. पासपोर्टमधला फोटो त्याने स्टुडिओतून मोठा करून घेतला होता. अरुंद कपाळाचा, कॅमेऱ्याला घाबरलेला पोरगा. खांद्यावर सरकारी शिक्क्याचा अर्धा गोल तसाच मोठा होऊन आला होता.

"त्याचो ह्यो एकच फोटो," तो म्हणाला. "आमच्या घराक एकय नव्हतो."

मग मी न विचारता तो बोलायला लागला, फोटोकडे बघत. लवू आळशी होता. सकाळी दोनदा हाक मारल्याशिवाय उठायचा नाही. घर समुद्राच्या काठावर, पण पाण्याला भ्यायचा, पोहायला शिकलाच नाही. लिहिता यायचं नाही, आईला पत्र गणपत लिहायचा, आणि लवू दर वेळी एकच मजकूर सांगायचा, 'मी जेवतंय म्हणान लिही.' दोघं भाऊ राहत होते त्या तंबूत चौथ्या दिवसापासून त्याने जेवण सोडलं. त्याला तिथेच वाळूत पुरलं. "जाळूक लाकडा खंयसून हाडतलंव?" गणपत म्हणाला. ब्याण्णवला तेंडोलकरांनी नवा इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, देऊन बोलावलं तेव्हा तो परत आला, त्यांच्याच हाताखाली. गावात काम नव्हतं. नऊ वर्षं रोज सकाळी त्यांना सलाम केला. "त्येनी एक दिवस लवूचा नाव काढूक नाय," तो म्हणाला. "मीय नाय. मग मी तरी कोण मोठो?"

फोटो परत कपड्यांत ठेवून त्याने पेटी खाटेखाली सारली. "ह्या माईकवर सांगूचा नाय."

"नाही," मी म्हणालो.

तेवढ्यात त्याच्या खोलीतले चौघं जण बाजार घेऊन आत आले. माझ्या इस्त्रीच्या शर्टाकडे बघून थबकले. एकाने गणपतला विचारलं, हे कोण.

"हे मास्तर," गणपत म्हणाला. "मेल्ल्या माणसांविषयी बोलतत."

"काय बोलतत?"

"बरा बोलतत."

सगळे हसले. गणपतही हसला. मी उरलेला चहा संपवला, पेला मोरीत विसळून ठेवला आणि जिना उतरलो.